उन्हाळा चढण्याआधीचं पाणी

एप्रिल अर्धा सरला की एखाद्या सकाळी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवावा आणि ती कोमट लागावी, असं आमच्या अल अमेरातमध्ये दर वर्षी होतं. आदल्या दिवसापर्यंत ती गार असते. बाहेर तसं काहीच बदललेलं नसतं. तेच तपकिरी डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पसरलेली तीच पांढरी घरं. पण हवेत तापल्या दगडाचा पहिला वास आलेला असतो, शेजारच्या अंगणातल्या खजुरांना हिरव्या मण्यांचे घोस धरलेले असतात, आणि मला कळतं की आता जेमतेम पाच-सहा आठवडे उरले. त्यानंतर जूनचं ऊन येईल आणि माणसं एका एसीतून दुसऱ्या एसीत पळत राहतील.

हे पाच-सहा आठवडे माझ्या मनात पाण्याचे आहेत. ओमानसारख्या कोरड्या देशात राहून असं म्हणणं विचित्र वाटेल. पण इथल्या डोंगरांत वाद्या आहेत. वादी म्हणजे नदीच म्हणायची, फक्त ती वर्षातले बरेच महिने वाहत नाही. डोहाडोहांनी बसून असते. एका डोहातून दुसऱ्या डोहात दगडांखालून गुपचूप पाणी जातं, मध्येच एखादी पातळ धार वर येते, दोन पावलं उन्हात चालते आणि पुन्हा खडीत शिरते. काठाला कण्हेर असते, आपल्या देवळापुढे असते तशीच, गुलाबी. तिच्या सावलीत लाल चतुर उडत असतात. पाण्यात पाय सोडले की बोटाएवढे मासे येऊन घोट्याला टोचतात, आणि गुदगुल्या होऊन माणूस एकटाच हसतो.

एका वर्षी आम्ही या पाण्यावर मासे धरायला जात होतो. मी, माझी मुलगी सई आणि कासमचाचा.

त्या वर्षी प्रशांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली सोहारला झाली होती. तिथल्या एका कारखान्यात तो देखभालीचं काम बघतो. शिफ्टची नोकरी. सुट्टी कधी मंगळवारी, कधी रविवारी. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मला सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी. एका घरातली तीन माणसं, पण एका टेबलावर जेवायची ती महिन्यातून दोनदा. सई तेरा वर्षांची होती. तिने कानाला हेडफोन लावायला आणि माझ्याशी कमी बोलायला एकाच महिन्यात सुरुवात केली. जे बोलायची ते इंग्रजीत. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमच्या बोलण्याला नेहमी शिवणीचा जोड दिसत राहायचा. शुक्रवार फार लांब असायचा तेव्हा. सकाळी दहाला सूर्य भिंतीवरून आत यायचा आणि तिन्हीसांजेपर्यंत घरातली एकेक वस्तू तपासत हिंडायचा.

एप्रिलमध्ये नवीन शाळावर्ष सुरू झालं आणि सईचा गणवेश आखूड झाला. स्कर्टची मुडपलेली कड सोडवून घ्यायची म्हणून आम्ही घाटापलीकडच्या रुवीच्या बाजारात गेलो. एका गल्लीच्या टोकाला शिंप्याचं दुकान दिसलं, रुंदीला दोन माणसं मावतील एवढं. आत साठी ओलांडलेला एक सडपातळ माणूस, डोक्याला जाळीची पांढरी टोपी, नाकाच्या टोकावर चष्मा. तो मशीनवर नव्हता. टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवलेला एक छोटासा चिमटा होता, त्यात काहीतरी अडकवून तो त्याच्याभोवती दोरा गुंडाळत होता. सईने हेडफोन काढला.

"Is it alive?" तिने मला विचारलं.

मी मराठीत म्हटलं, "त्यांनाच विचार ना."

तो माणूस मान वर न करता म्हणाला, "जिवंत नाय. पन माशाला ते सांगू नका." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत, "गाव कंचा तुमचा?"

"पेण."

"मी कासम. रत्नागिरीचा, खाडीकाठचा." एवढं सांगून त्यांनी चिमट्यातली वस्तू सोडवली आणि सईच्या तळहातावर ठेवली. नखाएवढा गळ होता. त्याच्या अंगाला काळा दोरा, मानेपाशी कोंबडीच्या पिसाचा झुबका, पाठीवर जरीची एक बारीक रेघ. ती कुठल्यातरी नवरीच्या पोशाखातून उरलेली. लांबून बघितलं तर पाण्यावर बसू पाहणारा किडा. "हिला माशी म्हनतात," चाचा म्हणाले. "माशीनं मासा धरायचा."

गणवेश दोन दिवसांनी मिळणार होता. सई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, शॉपमध्ये जाऊया, मे बी झाला असेल.

कासमचाचा त्या दुकानात अडतीस वर्षं बसत होते. माशी बांधायला त्यांना एका स्कॉटिश साहेबाने शिकवलं. साहेब डोंगरात पाण्याचा शोध घेण्याच्या कामावर होता, आणि एकदा मासे धरायच्या काठीसाठी कापडी म्यान शिवून घ्यायला आला. म्यान नीट बेतायचं तर काठी बघावी लागणार, म्हणून चाचांनी ती उघडायला लावली. चार तुकडे एकमेकांत बसले आणि दुकानात मावेना एवढी लांब, वेतासारखी लवलवती काठी तयार झाली. "मी खाडीतला पोर," चाचा सांगायचे. "गरी म्हायत, पागाचं जाळं म्हायत. पन ही काठी हातात घेतली नि ती माझ्या हातात हलली. मी नाय हलवली." पुढे कित्येक वर्षं दर शुक्रवारी साहेब त्यांना पहाटे घेऊन जायचा आणि दुपारच्या नमाजाआधी परत आणून सोडायचा. साहेब देश सोडून गेला तेव्हा काठी, रीळ आणि माशा बांधायचा चिमटा चाचांना देऊन गेला. चाचांना गाडी चालवता येत नव्हती. तेव्हापासून काठी म्यानातच होती.

मला गाडी चालवता येत होती. असं ते ठरलं.

पहाटेचा नमाज आटोपून चाचा गल्लीच्या तोंडाशी उभे असायचे. काखेत म्यान, हातात चहाचा थर्मास. मी डोंगरातला घाट उतरून रुवीत जायचे, त्यांना घ्यायचे, पुन्हा तोच घाट चढून आमच्याच घरावरून पुढे कुरियातच्या रस्त्याला लागायचे. सई मागच्या सीटवर अर्धवट झोपलेली. डोंगरांच्या कडांना मागून उजेड लागायला लागायचा, आधी राखाडी, मग पेरूच्या गरासारखा. कधी चाचा म्हणायचे, "जरा हळू, बकऱ्या हायत." आणि खरंच वळणापलीकडे बकऱ्या असायच्या.

वादीत आम्ही पोचायचो तेव्हा सूर्य कड्यामागेच असायचा. ती वेळ मी कधी विसरणार नाही. पाणी सावलीत, पण आकाश उजळलेलं, त्यामुळे डोहाला स्वतःचा रंग नसायचा. तळातला प्रत्येक गोटा दिसायचा आणि तरी पाणी किती खोल आहे ते कळायचं नाही. चाचा काठी काढायची घाई करत नसत. आधी एका दगडावर बसून चहा. मग हात पाण्यात मनगटापर्यंत बुडवून ठेवायचा. "पानी बघ आधी," सईला सांगायचे. "गार हाय का, मागल्या शुक्रवारपेक्षा गरम झालं का. गरम पान्यात माशाला दम लागतो. तवा तो जिथं धार पडते तिथं जातो, फेसाच्या खाली. हिवाळ्यात तो इथं सगळीकडं. आता तिकडंच." बोटाने दाखवलं की तिथे खरोखर एक सावली हलायची. आपल्याकडे ज्याला चिलापी म्हणतात तो मासा, कुणीतरी कधीकाळी या वादीत सोडलेला, निळसर, हातभर नाही पण वीतभर तरी.

मग ते उठायचे. दोरी डोक्यावरून मागे जायची, हवेत सरळ व्हायची, पुढे यायची, पुन्हा मागे. गिऱ्हाइकाचं माप घेण्याआधी ते टेप झटकून सरळ करत, अगदी तसाच हात. तिसऱ्या वेळी दोरी पाण्यावर उतरायची, आणि तिच्या टोकाची माशी सगळ्यात शेवटी, जणू तिचा तिने विचार करून. एक छोटं वर्तुळ उठायचं. नंतर कधी काहीच व्हायचं नाही, आणि कधी त्या वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ उठायचं.

पहिला मासा चाचांनी ओल्या हातात धरला, गळ सोडवला आणि पाण्यात सोडून दिला. सईला ते पटलं नाही. "सोडायचा तर पकडला का?"

"मी तुझ्या स्कर्टचा माप घेतला. तुला ठेवून घेतली का?"

तिला हसू फुटलं. त्या वर्षात मी ते ऐकलंच नव्हतं.

नऊच्या सुमाराला ऊन कड्यावरून खाली सरकत यायचं आणि डोहाच्या एका टोकाला लागायचं. त्याबरोबर खालून वारा सुटायचा, दोरी वेडीवाकडी व्हायची आणि मासे खोल जायचे. "खलास," म्हणत चाचा रीळ गुंडाळायचे. दोऱ्याच्या रिळालाही ते रीळच म्हणत, आणि दोन्ही रिळं गुंडाळताना त्यांचा चेहरा सारखाच असायचा. साडेदहापर्यंत आम्ही परत. सईच्या केसांना पाण्याचा, शेवाळाचा वास. दुपारी ती झोपायची आणि मी तिच्या शेजारी पडून छताकडे बघत राहायचे. डोळे मिटले की पाणी दिसायचं.

एप्रिलच्या शेवटी पाणी वितीवितीने उतरायला लागलं. दगडांवर जुन्या पातळीच्या पांढऱ्या रेघा राहिल्या. डोह लहान झाले तसे मासे जास्त दिसायला लागले, पण फसायचे कमी. चाचांनी माशा बारीक बांधायला घेतल्या, डासाएवढ्या, आणि त्यांचे डोळे त्यांना दगा देऊ लागले. मग दोरा सई ओवायची. दुकानात स्टुलावर बसून ती माशा बांधायला शिकली. चाचांशी बोलायचं तर इंग्रजी चालत नव्हतं, हिंदी तिची माझ्याहून वाईट, म्हणून ती मराठीत बोलायची. चुकत, थांबत, चाचांचे शब्द उचलत. एक दिवस घरी मला म्हणाली, "आई, पानी तापवायला ठेवू?" मी तिला 'पाणी' म्हण असं सांगितलं नाही.

जूनमध्ये चाचा कायमचे गावी जाणार होते. हे त्यांनी आम्हाला मे महिन्यात सांगितलं, गाडीत, रस्त्याकडे बघत. दुकान दुसऱ्या कोणाला दिलं होतं. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. घरी चाची एकट्या. "आता पुरे," एवढंच म्हणाले. सई मागून म्हणाली, "मग आपण काय करायचं?"

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट सांगायला मला अजूनही जड जातं. आदल्या संध्याकाळी फोनवर हवामानाचा इशारा आला होता. डोंगराळ भागात गडगडाटी पावसाची शक्यता, वाद्यांपासून दूर राहा. मी तो वाचला. गॅलरीत जाऊन वर बघितलं. आकाशात एक ढग नव्हता. असे इशारे येतात आणि जातात, असं मनात म्हणून मी गजर लावला.

सकाळ नेहमीसारखी होती, म्हणजे नेहमीपेक्षा सुंदर. डोह घोट्याएवढ्या धारेने एकमेकांना जोडलेले होते. सईची माशी पलीकडच्या काठावरच्या कण्हेरीत अडकली, म्हणून ती धार ओलांडून तिकडे गेली. त्या बाजूला वर उतारावर खजुराच्या बागेला पाणी नेणारा पाट होता. मी दगडावर बसून पाय पाण्यात सोडले होते. चाचांनी तीन-चारदा दोरी टाकली, एकही मासा वर आला नाही. ते थांबले. खाली बघत राहिले. मग मला विचारलं, "बाय, तुझ्या पायाला मासे टोचतात का?"

टोचत नव्हते. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी वाकून हात पाण्यात घातला आणि लगेच बाहेर काढला. "गार झालंय." कण्हेरीची दोन पानं, बकऱ्यांच्या लेंड्या आणि थोडा फेस वरून तरंगत आला. पाण्याला चहासारखा रंग चढत होता. आवाज अजून कसलाच नव्हता.

"वर," ते म्हणाले. "आताच्या आता वर."

मी उठले ती सईच्या दिशेने. चाचांनी माझा दंड धरला. त्या माणसाने तोवर मला कधी हातही लावला नव्हता. "तिकडं नाय. सई, तिकडंच ऱ्हा. पानी ओलांडू नको. मागं चढ, त्या पाटापर्यंत. पळ."

सई माझ्याकडे बघत उभी होती. आमच्यामध्ये दहा पावलांचं पाणी होतं, घोट्याएवढं. मला ओलांडायला दहा सेकंद पुरली असती. मी चाचांना ढकललं. त्यांनी सोडलं नाही. "तू गेलीस तर ती तुझ्यासाठी थांबेल," ते म्हणाले. "तिला जाऊ दे." मग मी ओरडले, "सई, चढ." आणि ती वळून चढू लागली.

आम्ही कड्याच्या पायरीवर पोचलो तेव्हा आवाज आला. दूर कुठेतरी ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण न थांबणारा. मग वळणावरून पाणी आलं. ते पाण्यासारखं नव्हतंच. तपकिरी, जाड, पुढे झाडाच्या फांद्या आणि पत्र्याचा एक तुकडा ढकलत. थर्मास, चपला, सईची बॅग, ज्या दगडावर मी बसले होते तो दगड, सगळं एका श्वासात दिसेनासं झालं. पलीकडे, पाण्यापासून बरंच वर, खजुराच्या बागेकडे जाणाऱ्या पाटाच्या कट्ट्यावर एक निळा ठिपका होता. सईचा टी-शर्ट.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. आवाज तुटत तुटत आला. "आई, मी इथे हाय. तू येऊ नको."

मी खाली बसले.

थोड्या वेळाने तिच्यामागे पांढरी दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ अंगरखा, घातलेला एक माणूस दिसला. बागेचा मालक असावा. त्याने आमच्याकडे बघून हात वर केला, सईच्या खांद्यावर स्वतःचा मोठा रुमाल टाकला, आणि बागेच्या पलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. तिला तिकडे नेऊ का, असं तो विचारत होता. चाचांनी अरबीत ओरडून होकार दिला. सई गेली. जाताना तीनदा मागे वळली.

पाणी उतरायला सहा तास लागले. दोन्ही काठ जोडणाऱ्या रस्त्यावरूनही ते वाहत होतं, त्यामुळे वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. ऊन आमच्या पायरीवर आलं. दुपारच्या नमाजाला मशिदीत पोचणं शक्य नव्हतं. चाचांनी खडकावरच नमाज पढला. मग माझ्यापासून हातभर अंतरावर बसले आणि खालच्या पाण्याकडे बघत बोलू लागले. इतकं ते कधीच बोलले नव्हते.

"मना भीती वाटते बाय."

"आता काय भीती चाचा, ती सुखरूप आहे."

"तिची नाय. घराची." ते थांबले. "अडतीस वर्षं. दर वर्षी एक महिना. कधी तोपन नाय. हिशोब केला तर बायकोबरोबर मी तीन वर्षं राहिलो. आमच्या घरात साखरेचा डबा कंचा, ते मना म्हायत नाय. मी गेलो की हलिमा पाहुन्यासारखी खुर्ची देते. चांगल्या कपात चहा देते. एक महिना पाहुना व्हायला बरं वाटतं. आता मरेपर्यंत पाहुना होऊन कसा ऱ्हाऊ? ह्या वादीतला दगड न दगड मना म्हायत हाय. नि तिच्याशी काय बोलायचं, ते म्हायत नाय."

माझं सगळं लक्ष सईला नेलं त्या घराच्या छपराकडे होतं. पण त्यांचं एकेक वाक्य मला आज जसंच्या तसं आठवतं.

तीनच्या सुमाराला बागेचा मालक पिकअपमधून सईला घेऊन रस्त्याने आमच्या बाजूला आला. हमूद त्याचं नाव. त्याच्या बायकोने सईला ताक आणि खजूर खायला घातले होते, तिचे केस पुसून वेणी घातली होती. हमूद चाचांना हळू आवाजात रागावला. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. सई माझ्या कुशीत शिरली ती घरी येईपर्यंत मागच्या सीटवर तशीच राहिली असती, पण गाडी मलाच चालवायची होती. म्हणून ती पुढे माझ्या शेजारी बसली आणि गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवून आली. चाचा मागे बसले. काठी तेवढी वाचली होती. पूर्ण वाटेत त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

प्रशांत दुसऱ्या दिवशी रजा टाकून सोहारहून आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सईजवळ बसून राहिला आणि मला म्हणाला, "तुला एकटं वाटत होतं हे मला सांगायचंस ना." पुढच्या वर्षी त्याने बदली मागून घेतली. ती वेगळी गोष्ट.

पुढच्या शुक्रवारी आम्ही कुठे गेलो नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सई म्हणाली, दुकानात जाऊ. चाचा सामान बांधत होते. मशीन गेलं होतं, त्याच्या जागी फरशीवर चौकोनी डाग. काठीचं म्यान कोपऱ्यात कचऱ्याच्या पिशव्यांशेजारी उभं होतं.

"ती नेणार नाय," चाचा म्हणाले. "पोरीला मी तिकडं जाऊ दिली. चूक माझी. त्या काठीला आता हात लावावासा वाटत नाय."

तेव्हा मी त्यांना इशाऱ्याचं सांगितलं. वाचला होता, आणि तरी आले, हे सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "मग दोघांची चूक."

सई म्यान उचलून त्यांच्यापुढे उभी राहिली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "चाचा, तुमच्या गावी वादी नाय. खाडी आहे ना? खाडीला असं अचानक पाणी नाय येत. भरती येते. तिला टाइमटेबल असतं. मी बघितलं, रत्नागिरीचं मिळतं. रोजचं." तिने एक कागद पुढे केला. पुढच्या तीन महिन्यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा तिने स्वतःच्या हाताने लिहून काढल्या होत्या.

चाचांनी चष्मा पुसला. कागद टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर घातली. "इन्शाल्ला," म्हणाले, आणि म्यान तिच्या हातातून घेतलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही वादीवर अजून जातो, प्रशांत, मी आणि सुट्टीत आली की सई, पण आदल्या संध्याकाळचा प्रत्येक इशारा वाचून, आणि काठाकाठानेच. सई कॉलेजसाठी पुण्याला गेली. तिच्या मराठीत मधूनच रत्नागिरी डोकावते, म्हणून तिथल्या मैत्रिणी तिला हसतात. एप्रिलमध्ये चौकट कोमट झाली की मी पहाटे उठून बसते. कुठे जायचं नसतं तरी. एवढ्यात सूर्य कड्यावर आला असेल, एवढ्यात धारेखालच्या फेसात सावल्या जमल्या असतील, असं मनात येत राहतं. काही ऋतू आपल्याला वर्षातून एकदा भेटतात, काही आयुष्यातून एकदाच, आणि दोन्हींची हवा मात्र अगदी सारखी असते.

यंदा मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा पेणहून सईला घेऊन रत्नागिरीला गेले. चाचांचं घर खाडीच्या उतारावर, दारात रातांबे, अंगणात आमसुलं वाळत घातलेली. चाचा घरात नव्हते. हलिमाचाचींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ठेंगणी, गोरी, बोलकी बाई. कुठे गेले विचारलं तर खालच्या खाडीकडे हनुवटीने दाखवलं. माडांच्या मधून ओहोटीचं चमकतं पाणी दिसत होतं, आणि त्यात गुडघाभर उभा एक माणूस. त्याच्या डोक्यावर दोरी मागेपुढे होत होती. सई चपला काढून तशीच उतारावरून पळत सुटली.

"हा गावी आला तवा मना फार लाज वाटायची," चाची चुलीपाशी बसत म्हणाल्या. "मासा धरतो नि सोडतो. लोक मना विचारायचे, तुझा नवरा तिकडं बिघडला काय? मी भांडले. आता ठरवून दिलाय, शुक्रवारी एक मासा घरी आनायचा. बाकीचे सोड, तुझे तुला."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर नाय." त्यांनी भाताचं आधण झाकलं. खालून सईचं आणि चाचांचं हसणं वर आलं, मग त्यांच्या बोलण्याचा आवाज, शब्द न कळणारा. चाचींनी हात पदराला पुसला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला सांगू बाय? आमचं लगीन झालं तेव्हापासून हा मानूस दारातून बाहेर पडला की मी विचारायचे नाय, कधी येशील. उत्तर म्हायत होतं. वर्षानं. आता रोज सकाळी विचारते. रोज."

"काय म्हणतात?"

"म्हनतो, जेवायला." त्या खाडीकडे बघत होत्या. "नि येतो."